खांबाआडचा बाक

आमचं चर्च इंग्रजांनी बांधलं, ते बहुधा त्यांच्या गावचाच नकाशा समोर ठेवून. काळ्या दगडाच्या जाड भिंती, टोकदार कमानी, अरुंद खिडक्या आणि बर्फ घसरून पडावा असं उतरतं छप्पर. सोलापुरात कधी बर्फ पडला, तर आमची तयारी आहे.

गेल्या उन्हाळ्यात आतली शहाबादी फरशी नव्याने बसवायची ठरली आणि यादी करणं माझ्याकडे आलं. ते नेहमीच येतं. प्रत्येक बाकावर खडूने नंबर घातला, वहीत नकाशा काढला. काम झाल्यावर सगळे बाक जागच्या जागी गेले. एकच मी मुद्दाम व्हरांड्यात ठेवला, मागच्या खांबाआडचा. तिथे सरळ बसलं तर वेदी दिसत नाही. त्यावर बसायच्या एकट्या मावशी, सत्तरी ओलांडलेल्या, दर रविवारी उपासनेआधी रुमाल हलवणाऱ्या. त्यांना फार उकडतं म्हणून दुसऱ्या रांगेत पंख्याखाली जागा दिली आणि वहीत खूण केली.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब आतल्या खोलीतून बाहेर आले, तरी घंटा वाजतच राहिली. पहिली प्रार्थना कुणालाच ऐकू आली नाही. पुढच्या रविवारी घंटा फार आधी थांबली आणि मावशी आल्याच नाहीत.

सोमवारी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा टाकला आणि साखर किती घालू ते वहीत बघून सांग म्हणाल्या. मग हळूहळू कळलं. मनोऱ्याखाली घंटेचा दोर ओढणाऱ्याला खांबामुळे पुढचं काही दिसत नाही. मावशींचे यजमान हयातभर घंटा वाजवायचे. खांबाआडून डावीकडे वाकलं की पाळकसाहेबांचं दार दिसतं, उजवीकडे दोर. दार उघडलं की मावशी रुमाल हलवायच्या, म्हणजे घंटा थांबव. यजमान गेले, दोर पुतण्याकडे आला. रुमाल मावशींकडेच राहिला.

“मग मला सांगायचं नाही का?”

“तू इचारलंस कुटं? मला वाटलं, म्हातारीचं काम संपलं की आता.”

शनिवारी बाक आत आणला. रविवारी मावशी येऊन बसल्या, उठल्या आणि सगळ्या मंडळींदेखत मला तो चार बोटं डावीकडे सरकवायला लावला. दार उघडलं, रुमाल हलला, घंटा थांबली. बाकाची नवी जागा नकाशात टिपावी म्हणून मी वही उघडली, तर मावशींनी त्याच रुमालाने मला गप्प बसायची खूण केली.