बल्ब फुटले का, बाई?

दौलतभाऊ गेल्याचं मला कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचे कांदे आले. दसरा होऊन चार दिवस झाले होते. तालुक्याच्या गावाहून, सावलीहून, टपालाची पिशवी आली, नेहमीसारखी मी दोरी कापली, पत्रं बाजूला केली, तर खाली तो ओळखीचा खोका. हवेसाठी बाजूला चार भोकं पाडलेला, हिमाचलातल्या एका डोंगरी नर्सरीचा शिक्का असलेला. मी आमच्या गावची शाखा डाकपाल आहे. ज्याच्या नावाचं टपाल तो माणूस नसेल तर काय करायचं, हे मला पाठ आहे. वर 'मयत' असा शेरा लिहायचा आणि ते पाठवणाऱ्याकडे परत करायचं. पत्ता वाचायच्या आधीच माझा हात लाल पेनाकडे गेला. मग पत्ता वाचला... आणि पेन जागेवर ठेवलं. पत्त्यावर काय होतं ते पुढे सांगते. आधी दौलतभाऊ कोण होते ते सांगायला हवं.

दौलतभाऊ माजरीच्या कोळसा खाणीत पंप चालवायचे. खुल्या खाणीत पाणी साचतं, ते उपसायचं काम. तीसेक वर्षं ते केलं, निवृत्त झाले आणि सावलीजवळच्या आमच्या गावी परत आले. शिक्षण सातवीपर्यंत. घरामागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा, पण तिथे त्यांनी फुलझाडांचं वेगळंच जग उभं केलं होतं. सगळी कंदाची झाडं आणि सगळी पांढऱ्या फुलांची. निशिगंध, सोनटक्का, नागदवणा, चार जातींच्या पांढऱ्या लिली. झाडं रंगाच्या रिकाम्या डब्यांत, फुटक्या घागरीत लावलेली. एक लिली तर त्यांच्या खाणीतल्या पिवळ्या हेल्मेटमध्ये होती. रंगीत फूल निघालं की ते झाड शेजाऱ्याला देऊन टाकायचे. इतकी वर्षं कोळशात काढली म्हणून पांढऱ्याची ओढ असेल, असं मला वाटायचं. एकदा तसं विचारलं, तर म्हणाले, "तसं काई नाई बाई. नजर कमजोर झाली. काळ्या मातीत पांढरं लवकर दिसते."

त्यांच्या पत्नी मालनबाई मात्र या कांद्यांवर नाराज. "लोकाईचे नवरे दारू आणते, माहा नवरा कांदे आणते," त्या दारात बसून म्हणायच्या, "अन तेबी भाजीचे नाई."

मी नोकरीला लागले तेव्हा लोक पोस्टाच्या दारात यायचे, आत बघायचे आणि मलाच विचारायचे, "मास्तर कुठी आहे?" माझी माय मामा तलावाची, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाची, मच्छी विकते. सावलीच्या बाजारात आणि आसपासच्या गावांत डोक्यावर पाटी घेऊन फिरलेली बाई. तिची पोरगी खुर्चीवर बसलेली लोकांना दिसत असूनही दिसायची नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी गडचिरोलीहून बी.ए. केलं होतं, पण कुणी मास्तर कुठे म्हणून विचारलं की मलाही क्षणभर वाटायचं, खरंच, मास्तर कुठे गेले?

त्याच महिन्यात दौलतभाऊंचं एक पार्सल आलं. वर इंग्रजीत 'फ्लॉवर बल्ब' असं छापलेलं. फुलाच्या आकाराचे विजेचे बल्ब असतील, दिवाळी जवळ आहे, असं मी माझ्या बी.ए.च्या जोरावर ठरवलं. काच आहे म्हणून तो खोका मी दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी सायकलला न अडकवता, दोन्ही हातांत धरून पायी त्यांच्या घरी नेला. म्हटलं, "दौलतभाऊ, खूप जपून आणले. एकही फुटला नसेल."

त्यांनी खोका उघडला. आत भुशात ठेवलेले वाळके, मातकट कांदे. मालनबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दौलतभाऊ हसले नाहीत. एक कांदा उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "फुटाले तं आणले बाई. नाई फुटले तं का कामाचे?"

तेव्हापासून हे आमचं दोघांचं ठरलेलं बोलणं झालं. ते पोस्टाच्या दाराशी आले की मी विचारायची, "बल्ब फुटले का?" आणि ते हिशेब द्यायचे, दोन फुटले, एक सडला, एक नाटक करून राह्यला. मला मास्तर म्हणणारा गावातला पहिला माणूस तोच. नर्सरीला इंग्रजीत पत्र लिहायचं असलं की मुद्दाम दहा माणसं रांगेत असताना येऊन मोठ्याने म्हणायचे, "मास्तरबाई, एक इंग्रजी लिवून द्या." खाली लिहिणारी म्हणून माझं नाव लिहिलं की त्यांचं बोट कागदावर यायचं. "पुढं बी.ए. लिव." मी म्हणायची, "दौलतभाऊ, पत्र तुमचं आहे, माझ्या बी.ए.चं त्यात काय काम?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "कमावलं ते लपवू नोको."

अशाच एका पत्राच्या उत्तरासोबत नर्सरीचं रंगीत पत्रक आलं. त्यात एक चित्र होतं. बर्फातून वर आलेलं, बोटाएवढं, मान खाली घातलेलं पांढरं फूल. नाव स्नोड्रॉप. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, बर्फाचा थेंब. त्यांनी चित्रातल्या बर्फावर बोट ठेवलं. "याले थंडी लागत असन," म्हणाले. मी पत्रक वाचून सांगितलं, तीन महिने चांगली कडक थंडी मिळाली तरच फूल येतं. उन्हाळ्यात आमच्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांनी सहा कांदे मागवलेच. पहिल्या हिवाळ्यात ते फ्रीजमध्ये कोरडेच ठेवले. मालनबाई म्हणाल्या, "एवढ्या दुरून लसूण आणला का?" माघापर्यंत कांदे आतून पोकळ झाले.

दुसऱ्या वर्षी मीच म्हटलं, बर्फ तर माझ्या मायजवळ रोज असतो. मच्छीसाठी बर्फाची गाडी सकाळी आमच्या दाराशी थांबते. मायने थर्माकोलचा एक जुना डबा धुऊन दिला. दौलतभाऊंनी कुंडीत ओलसर मातीत कांदे लावले, कुंडी डब्यात ठेवली, भोवती बर्फ. माय म्हणाली, "दौलतभाऊ, तुमच्या फुलाले मच्छीचा वास लागन."

"लागू दे," ते म्हणाले. "कोण्या गावचं फूल आहे ते तं समजन."

रोज सकाळी ते आमच्या अंगणात यायचे, वितळलेलं पाणी काढायचे, नवा बर्फ भरायचे. पौषात एका कांद्याला खरंच हिरवं पान आलं. मग वडशाच्या बाजूला मावशीच्या गावी मंडई होती, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, रात्री नाटक होतं. माय जायला तयार नव्हती. दौलतभाऊच म्हणाले, "जाय ना वं, मी आहो बर्फ भराले." आम्ही चार दिवस गेलो. माय नाही म्हणजे मच्छी नाही, मच्छी नाही म्हणजे बर्फाची गाडी थांबत नाही. ही साधी गोष्ट आम्हा तिघांच्याही डोक्यात आली नाही. ते चारही दिवस दौलतभाऊ सकाळी रस्त्यावर उभे राहून गाडीला हात दाखवत होते म्हणे. गाडी आपली सरळ गेली. आम्ही आलो तेव्हा पान आडवं पडलं होतं. मायला रडू आलं. तेच तिला समजावत होते. "पान तं आलं. पुढच्या वर्षी मान येईन."

मान म्हणजे ते खाली वाकलेलं फूल. मरायच्या आधी ते एकदा बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांना दम लागायला लागला होता. आमच्या दारापर्यंत येताना ते मध्ये दोनदा बसायचे. त्याच सुमारास गावातल्या एका वारलेल्या माणसाच्या नावाचं पाकीट मी परत पाठवत होते. दौलतभाऊ काउंटरपाशी उभे होते. "मयताचं टपाल परतच जाते का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बायकोले नाई भेटत?" म्हटलं, नियम तसा आहे. "बरं," म्हणाले आणि लाल शेऱ्याकडे बघत राहिले.

नवरात्राच्या आधी ते शेवटचे पोस्टात आले. दर वर्षी कांद्यांची मागणी माझ्याकडून लिहून घ्यायचे. या वेळी घरूनच बंद पाकीट आणलं होतं, पत्ता त्यांच्याच सातवीच्या अक्षरातला. मी म्हटलं, "माझं इंग्रजी चुकलं का कुठे?" तर म्हणाले, "तुयं इंग्रजी ठीक आहे. मले पाहू दे ना, माह्यं चालते का." मी पाकिटावर शिक्का मारला. जाताना दारात थांबले, म्हणाले, "डबा धुऊन ठेवजो." ... तेच शेवटचं बोलणं. दसऱ्यानंतर एका सकाळी ते खाटेवरून उठलेच नाहीत.

तर त्या पार्सलवरचा पत्ता. सुरुवातीला माझं नाव होतं. बापाच्या नावासकट पूर्ण नाव, आणि पुढे बी.ए. त्याखाली शाखा डाकपाल, गाव, तालुका सावली. एवढ्या वर्षांत मी कितीतरी पार्सलं लोकांच्या दारी पोचवली, पण माझ्या नावाचं एकही कधी आलं नव्हतं. पोचपावतीवर देणाऱ्याची सही मी केली, घेणाऱ्याची सहीही मीच केली. दोन्ही सह्या एकाच हाताच्या, पण दुसरीपुढे मी बी.ए. लिहिलं. शेरा लागला नाही, काही परत गेलं नाही. म्हाताऱ्याने नियमात बसवून काम केलं होतं. खोका घेऊन मी मालनबाईंकडे गेले. त्यांनी पत्ता माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "मले म्हणे, बाईच्या नावानं येऊ दे, तिच्या हातानं फुटते," त्या म्हणाल्या. मग कुंडीसाठी माती त्यांनीच चाळून दिली आणि सहाही कांदे मी लावले.

यंदा मंडईला मी गेले नाही, माय गेली. जाण्याआधी तिने बर्फाच्या गाडीवाल्याला रस्त्यात उभं करून बजावलं, "मच्छी असो का नसो, आमच्या दाराशी थांबाचं." तो थांबतो. आता बर्फाचा तिसरा महिना सरत आला आहे. सकाळी मालनबाई हळूहळू चालत आमच्या अंगणात येतात, ज्या जागी दौलतभाऊ बसायचे तिथेच बसतात, आणि मी डब्यातलं पाणी काढते. डब्याला मच्छीचा वास आहे, तो जाणार नाही. परवा झाकण उघडलं तर सहापैकी चार कांद्यांनी माती वर उचलली होती. त्यातल्या एकाच्या हिरव्या टोकात तांदळाच्या कणीएवढं पांढरं दिसतं. कळी आहे, मला शंका नाही. आठ दिवसांत मान वाकवेल.

मालनबाईंना तेवढं बारीक दिसत नाही. त्या आपल्या रोज डब्याकडे तोंड करून विचारतात, "फुटला का वं, मास्तरबाई?"

"फुटला," मी सांगते. मोठ्याने सांगते.