दाराकडे तोंड केलेला गालिचा

रंदाताईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. दुकान उघडायला अवकाश असे, पण त्याआधी घरची जमीन तपासायची असे. दिवा न लावता, अनवाणी पायांनी ती दोन्ही खोल्यांतून एकदा फिरून येई. कुठे गालिच्याची कड उचलली आहे का, कुठे मुरड पडली आहे का, हे ती तळपायांनी बघे. आईलाही ते तसंच बघावं लागे. आईची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

रंदाताई हे तिचं खरं नाव नव्हे. गालिच्यांच्या दुकानात आम्ही बरोबर कामाला होतो. मी गालिचे वाहायचो, ती अंथरायची. तिच्या हाताखालून गेलेल्या गालिच्यात उंचवटा राहत नसे, म्हणून गोदामातल्या कुणीतरी तिला सुताराचा रंदा म्हटलं. वयाचा मान ठेवून पुढे ताई जोडलं. तिला राग आला नाही. म्हणाली, "रंद्याखाली निदान भुसा तरी पडतो. माझ्या कामाचं मागे काही दिसतच नाही."

तेव्हा लोकांना एकावर एक गालिचे घालायची हौस लागली होती. खाली मोठा आणि साधा, वर लहान, मऊ, रंगीत. वरचाही सरळ नको, जरा तिरका हवा, सहज टाकल्यासारखा. तो सहज टाकल्यासारखा दिसावा म्हणून आमची अख्खी सकाळ जाई. मी सोफा उचलून धरायचा, तिने खालून गालिचा ओढायचा.

"दादा, अजून जरासं धरा."

"जरासं म्हणजे किती?"

"दम लागेपर्यंत."

दम लागला की ती म्हणे, "आता ठेवा. झालंच होतं मघाशी."

गिऱ्हाईक बाई कधी वैतागत. "एवढा वेळ? टाकायचाच तर आहे."

"टाकायला आत्ता टाकते," ताई म्हणे. "मग तुम्ही पडायचं की पाहुण्यांनी, तेवढं ठरवून ठेवा."

या कामातली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, पुढे लागेल. गालिच्याची लव मांजराच्या पाठीसारखी एका अंगाला झुकलेली असते. हात तिच्याबरोबर फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर अडते. लव आपल्याकडे झुकलेली असली की रंग गडद दिसतो. पलीकडे गेलो की तोच रंग फिका. म्हणून आमच्या दुकानाची पद्धत अशी की लव दाराकडे करायची. आत येणाऱ्याला पहिल्या नजरेत रंग भरलेला दिसला पाहिजे. हे ताईच्या हातात इतकं मुरलं होतं की गालिचा उलगडतानाच तो दाराकडे वळे. अंथरून झालं की ती दारात जाऊन उभी राही आणि तिथून बघे. मग काम संपलं.

तिच्या घरी साधी सिमेंटची जमीन होती. दुकानात कापून उरलेले तुकडे, डाग पडलेले नमुने मालक तिला नेऊ देई. त्यातून तिने आईसाठी घर अंथरलं होतं. पलंगापाशी लोकरीचा तुकडा. तिथून न्हाणीपर्यंत काथ्याची पट्टी. खिडकीजवळच्या खुर्चीपुढे खाली दाट लवेचा मोठा गालिचा, त्यावर पातळ विणीचा लहान. आईने सगळ्यांना नावं ठेवली होती. लोकरीचा तो लाडोबा, काथ्याचा खडूस आणि खुर्चीपुढची जोडी म्हणजे दुमजली.

"खडूस लागला की न्हाणी आली," आई मला समजावून सांगे, मी पाहुणा असल्यासारखं. "आणि दुमजलीवर चढलं की पुढे खुर्ची. दोन कडा पायाला लागल्या पाहिजेत. दुसरी लागली की वळायचं आणि बसायचं."

आई स्वतः उठे, स्वतः आंघोळ करी, खिडकीशी बसून रस्त्याचे आवाज ऐके. तिला एकटीला हे जमत होतं म्हणून ताई नोकरी करू शकत होती, आणि म्हणूनच दोघींचं घर वेगळं राहिलं होतं. धाकटा भाऊ ट्रक चालवायचा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. आईला आपल्याकडे न्यायचं त्याच्या मनात फार दिवसांपासून होतं. माणूस वाईट नव्हता.

"माझ्याकडे ही असते दिवसभर," तो बायकोकडे बोट दाखवून म्हणे. "हातात पाणी मिळेल तुला."

"तुझ्याकडची फरशी सगळीकडे सारखी," आई म्हणे. "मी उभी कुठे आहे तेच मला कळत नाही. आणि पाणी हातात कशाला? मला काय माठ कुठे आहे ते ठाऊक नाही?"

दुकानाच्या मागच्या भिंतीशी एक निळा गालिचा गुंडाळून उभा होता. दाट लोकर, हाताने गाठी मारलेला. महाग म्हणून तो कुणी नेत नव्हतं. दर हंगामात ताईच तो उलगडून झाडायची, पुन्हा गुंडाळायची. पगारातून ती त्याच्यासाठी बाजूला टाकत होती. "आईच्या पायाखाली आजवर तुकडेच आले," एवढंच एकदा म्हणाली.

एका दुपारी दुकानात शेजारणीचा फोन आला. आई पडली होती.

टेम्पोतून मी ताईला घरी नेलं. धाकटा आधीच पोचला होता. त्या दिवशी तो येणार होता, म्हणून आईने सकाळपासून खिडकीपासून दारापर्यंत पुष्कळ फेऱ्या मारल्या होत्या. दुमजलीतला वरचा गालिचा चालून चालून पुढे सरकला होता. पायाच्या हिशेबात कड जिथे यायची, त्याच्या अलीकडेच ती आली. आईचं मनगट मोडलं.

"ताई, उचल ही सगळी भानगड," धाकटा म्हणाला. "सपाट जमिनीवर कुणी पडतं का? हात बरा होऊ दे, मग मी आईला नेणार. आता मी ऐकणार नाही."

ताई आईला घेऊन दवाखान्यात गेली. प्लास्टर घालून आणल्यावर तिने स्वतः सगळे गालिचे उचलले. मी ते बाहेरच्या ओसरीत नेऊन ठेवले. वजन काहीच नव्हतं. तरी मी दोन खेपा केल्या.

त्यानंतर आई पलंगावरून हलेना. दिवसा शेजारीण येऊन बसे. भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जायलाही आईला कुणीतरी लागे.

"आई, ऊठ ना. जमीन मोकळी आहे आता," ताई म्हणाली.

"मोकळी आहे ना. मग जाऊ कुठे?"

ताई कामावर येत होती, पण तिची थट्टा थांबली होती. मी सोफा उचलला की ती लगेच "ठेवा" म्हणे. मला ते बरं वाटत नसे.

मग एक दिवस आम्ही एका नव्या घरात दोन गालिचे घालत होतो. खालचा उलगडला, लव दाराकडे. वरचा तिरका ठेवला. ताई सवयीने दारात गेली, वळून बघू लागली आणि तिथेच उभी राहिली.

"दादा, वरचा हा सरकणार कुठे?"

"नेहमी सरकतो तिकडे. खालची लव नेईल तसा, दाराकडे."

नवीन काही नव्हतं. वरचा गालिचा पुढे आला म्हणून गिऱ्हाइकं आम्हाला बोलावत, आम्ही तो मागे ओढून देत असू. आपल्या घरचाही ती रोज पहाटे मागे ओढतच होती. सरकणं हा गालिच्याचा स्वभाव, असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो.

"माझ्या घरी दारातून बघणारं कोण आहे, दादा?"

घरचे गालिचेही तिने सवयीने लव दाराकडे करूनच घातले होते. तिच्या घरी फारसं कुणी येत नव्हतं. आत राहणारीला तर रंगाचा उपयोगच नव्हता.

त्या संध्याकाळी काम सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेलो. ओसरीतले गालिचे आत आणले. तिने दुमजलीतला खालचा फिरवला आणि लव खुर्चीकडे केली. आता वरचा सरकला तर खुर्चीच्या जड पायांकडे सरकणार आणि तिथे अडणार. शिवाय वरच्याच्या कडा तिने जाड दोऱ्याने खालच्याला टाचल्या. लाडोबाचं तोंड पलंगाकडे झालं. खडूस काथ्याचा, त्याला लव नाही, तो होता तसाच राहिला. प्रत्येक तुकड्यावर ती डोळे मिटून चालली. मलाही चालायला लावलं. "दादा, बूट काढा. बुटाला काय कळतंय?"

मग आई उठली. ताईने दंड धरला.

"सोड गं. तू धरलंस की पाय आळशी होतात."

आई भिंतीला एक हात लावून निघाली. "लाडोबा... हं. खडूस... आला का मेला." परत फिरली, खिडकीकडे वळली. पहिल्या कडेशी पाय थांबला, चाचपला, वर चढला. दुसरी कड. आई वळली आणि खुर्चीत बसली. "जागेवर आहे," म्हणाली. ताई खाली बसली ती बराच वेळ उठली नाही.

प्लास्टर निघाल्यावर धाकटा आईला न्यायला आला. त्या दिवशी मीही तिथे होतो, आईने सांगून बोलावलं होतं.

"चल आई. पिशवी भरलीस का?"

"उन्हातून आलास. बस, पाणी देते."

"तू कशाला..."

"बस म्हटलं ना."

ती उठली, कडेवरून उतरली, माठापाशी गेली, पेला भरून आणला. धाकटा तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, पायांकडे बघत होता. पाणी संपल्यावरही पेला त्याने हातातच धरला.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "माझ्याकडे असं अंथरून देशील? अधूनमधून राहायला तरी येईल."

"देते. पण सोफा तू उचलायचास."

"किती वेळ?"

"दम लागेपर्यंत," मी म्हणालो.

निळा गालिचा ताईने पुढच्या वर्षी घेतला. मालकाने किंमत थोडी उतरवली, बाकीची तिच्या पगाराने भरली. खांद्यावरून मीच नेला. चांगलाच जड होता. तिने तो पलंगापाशी लाडोबाच्या जागी घातला, लव आईकडे करून, आणि लाडोबा न्हाणीच्या दाराशी गेला. शेजारीण उंबऱ्यातूनच म्हणाली, "अगं, एवढे पैसे घालून असा विटका का आणलास?"

"तिथून विटकाच दिसतो," ताई म्हणाली.

आई पलंगावर बसली होती. तिने पाय खाली सोडले, टेकवले, बोटं लवेत रुतवली.

"हा कोण नवीन?"

"निळा आहे, आई."

"असेल," आई म्हणाली आणि पाय तिथेच ठेवून बसली.