लिंबाने धुतलेली तलवार

आमच्या बाजूला पात्याची किंमत विचारत नाहीत, मेहर विचारतात, नवऱ्यामुलाने नवरीला द्यायची ती. पातं म्हणजे घरातली लेक, आणि नेणारा म्हणजे होणारा जावई. कुणी दारात उभा राहून "कितीला देता?" म्हणाला, तर आमची म्हातारी माणसं त्याला चहा देतात, पावसापाण्याचं बोलतात आणि तसाच परत लावून देतात. मी लाकडाची म्यानं करतो. चाळीस वर्षांत माझ्या म्यानांत शेकड्याने पाती झोपली. कुणाच्या घरी पातं सुखात आहे आणि कुणाच्या घरी नुसतंच टांगलेलं आहे, हे मला उंबऱ्यावरूनच कळतं.

पाक तुगिमानच्या घरी पाती सुखात होती. (पाक म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने म्हणायचं 'बाबा'.)

तो साखर कारखान्यात फिटर होता. मेरापी डोंगराच्या उतारावरून ऊस खाली यायचा आणि उसाबरोबर ऊस तोडणारी माणसं. एकाच्या हातात डच फौजेची आखूड तलवार असे, दुसऱ्याच्या हातात जपानी बंदुकीची संगीन, नारळ सोलून सोलून टोक झिजलेली. लढाया होऊन गेल्या, फौजा बोटीत बसून आपापल्या मुलखाला गेल्या, आणि त्यांची हत्यारं आमच्या केळीच्या बागांत राबत राहिली. तुगिमानला ते बघवत नसे. ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून तो कोयता घडवायचा आणि म्हणायचा, "हा नवा घे, ते म्हातारं मला दे." ऊसतोड्याला तो सौदा फार गोड लागे. निवृत्त होईपर्यंत तुगिमानकडे तेवीस पाती जमली. त्यांत थोरली म्हणजे एका जपानी अधिकाऱ्याची तलवार. कुणाचं तरी जुनं छप्पर उतरवताना ती वाशांत सापडली होती. तिच्यासाठी तुगिमानने चार कोयते आणि एक झुंजीचा कोंबडा दिला होता.

सुरो महिना, आमच्या वर्षाचा पहिला, लागला, की आमच्याकडे घरचा केरिस धुतात. ती आमची नागमोडी कट्यार. नारळाच्या पाण्यात भिजवायची, रिठ्याने घासायची, लिंबाने पांढरीशुभ्र करायची, मग सोमलाचं विष लावून तिच्या पोलादातली नक्षी जागवायची आणि वर चंदनाचं तेल द्यायचं. तुगिमानकडे केरिस एकच, वडिलांचा. पण तो धुऊन झाला, की बाकीची पातीही तो मुठी उतरवून त्याच पाण्यात सोडायचा. पहिल्या वर्षी मी हसलो होतो.

"पाक, ही परक्या फौजेची. यांना सुरो काय ठाऊक?"

"आपल्या घरात झोपतात ना, सारजू? मग सणाला आंघोळ नको? पाहुणा म्हणून काय मळका ठेवायचा?"

मला ते पटलं. गावालाही पटलं. त्यांच्या पोलादात नक्षी नाही, म्हणून सोमल तेवढा टाळायचा. लिंबू आणि तेल मात्र सगळ्यांना सारखं. लिंबं पिळायला त्याची बायको, बु वागिनेम; बु म्हणजे 'आई', बायकांना मानाने म्हणायचं. घासायचे काथ्याचे कुंचले माझे. एकतीस वर्षं हे चाललं. त्या दिवशी अंगणात पाती वाळत पडायची आणि उन्हात त्यांच्याकडे बघवत नसे. शेजारच्या गावची माणसं वाट वाकडी करून बघायला यायची.

हजला जायचं तर आमच्याकडे नाव घालून रांगेत बसावं लागतं. बु वागिनेमने अठरा वर्षांपूर्वी नाव घातलं, हातातली शेवटची बांगडी विकून. उरलेली रक्कम पाळी आल्यावर भरायची. तुगिमान तेव्हा म्हणाला होता, "उरलेलं माझी पाती भरतील, बु." त्या शब्दावर ती अठरा वर्षं निश्चिंत झोपली. यंदा तिची पाळी आली. रक्कम भरायला सतरा दिवस होते. भरली नाही, तर जागा राखीव यादीतल्या पुढच्या माणसाला जायची आणि हिने पुढच्या वर्षी बघायचं. बु वागिनेम सत्तरीला टेकलेली. पाच वेळा नमाजाला वाकताना दोन्ही गुडघे वाजतात. 'पुढच्या वर्षी' हा शब्द ती हल्ली जपून वापरते.

बांडुंगचा कांग दादान (कांग म्हणजे तिकडचं 'दादा') पाती बघायला आला तो एका रविवारी सकाळी. जुन्या लष्करी हत्यारांतला जाणता म्हणून त्याचं नाव होतं. मुलगा गोड बोलायचा, पादत्राणं नीट जोडून ठेवून आत आला. तुगिमानने चटईवर पांढरं कापड अंथरून बावीस पाती ओळीने मांडली होती. मी भिंतीला टेकून बसलो. बु वागिनेमने गरम तेंपे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळून आणलं.

"खा आधी," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी लोखंड बघू नये. नजर खोटी होते."

"आमच्याकडे म्हणतात, भरल्या पोटी बघितलं तर जास्त मेहर द्यावी लागते," दादान हसून म्हणाला.

"मग दोन जास्तच खा."

सगळे हसलो. मग दादानने पांढरे हातमोजे घातले, भिंग काढलं आणि पहिली डच तलवार उचलली. ठेवली. दुसरी उचलली. पाचव्या पात्यापाशी येईपर्यंत त्याचं बोलणं थांबलं होतं. तुगिमानला वाटलं, मुलगा भारावला.

"पाक," दादानने हळूच विचारलं, "ही कशाने पुसता?"

"पुसतो कसला, न्हाऊ घालतो," तुगिमान सरसावून बसला. नारळाचं पाणी किती दिवस, रिठे कुठले, सगळं त्याने सांगितलं. दारातून बु वागिनेम म्हणाली, "आणि लिंबं. दर सुरोला पाच किलो पिळते मी. आठवडाभर भाताला हात लावला तरी चरचरतं."

दादानने मान हलवली. मग त्याने थोरली तलवार दोन्ही हातांवर घेतली, कपाळाला लावली आणि मूठ उतरवायची परवानगी मागितली. तुगिमानने बांबूची खुंटी स्वतः काढून दिली. मुठीच्या आत दडलेलं पोलादाचं शेपूट बाहेर आलं. माशाच्या पोटासारखं पांढरं.

"इथे अक्षरं होती ना, पाक?"

"होती की. चिनीसारखी. हा सारजू साक्षीला आहे. म्यान करताना त्यानेच मोजली होती."

"नऊ," मी म्हणालो. "नखाला लागायची."

दादानने भिंग माझ्या हातात दिलं. मी बघितलं. दोन जागी सावलीसारखं काही तरी होतं. पाण्यातून काठी ओढली, की क्षणभर रेघ राहते, तसं. बाकी काही नव्हतं.

"मुठीतला गंज कधी काढत नाहीत, पाक," दादान म्हणाला. त्याचा आवाज असा, की आजारी माणसाच्या खोलीत बोलावं. "तो काळा गंज म्हणजे तिचा जन्माचा दाखला. कुणी घडवली, कधी घडवली, सगळं त्यात. नऊ अक्षरं म्हणजे हातघडणीची, नाव असलेल्या लोहाराची असणार. मी ती बघायलाच आलो होतो. आणि या डच तलवारींवर, संगिनींवर फौजेचे शिक्के असतात. इथे. आणि इथे. एकाही पात्यावर राहिले नाहीत."

"गंज म्हणजे मळ," तुगिमान म्हणाला. "मळ काढला म्हणून..."

"केरिसला तसंच आहे, पाक. यांना नाही."

"म्हणजे मी सांभाळली नसती, तर..."

दादानने तलवार पांढऱ्या कापडावर ठेवली. मग मांडी बदलून म्हणाला, "फोटो आहे का एखादा? सुरुवातीचा? अक्षरांचा?"

फोटो कोण काढणार होतं. आम्ही माणसांचेही काढत नव्हतो.

"कुणी तरी सांगायला हवं होतं," बु वागिनेम दारातून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरंच ते कळत नव्हतं. "एकतीस वर्षांत इतकी माणसं येऊन गेली. सगळी म्हणाली, काय लखलखतात."

मीही तेच म्हणालो होतो, दर वर्षी. आणि कुंचले माझे. मी माझे गुडघे बघत राहिलो.

जाता जाता दादानने विचारलं, "न धुतलेलं एकही नाही का घरात?" तुगिमान लाजला. एक होतं. एक जपानी संगीन गंजाने म्यानात अशी अडकून बसली होती, की कारखान्याच्या लोखंडी पकडीत आवळूनही निघाली नव्हती. आंघोळ न घातलेलं पातं पाहुण्याला कसं दाखवायचं, म्हणून ती त्याने तांदळाच्या कोठीमागे दडवली होती. तीच कोळिष्टकांसकट बाहेर आली. दादानने ती उजेडात धरली, म्यानाच्या तोंडाशी फौजेचा शिक्का बघितला आणि पहिल्यांदा विचारलं, "हिची मेहर काय, पाक?"

त्याने चांगली मेहर दिली. आमच्या हिशेबाने फारच चांगली. पण उरलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही ती नव्हती. बाकीच्या बावीसांना तो जे देत होता, त्यात बावीस नवे कोयते आले असते. "कमी सांगून फसवत नाही, पाक. दुसरीकडेही विचारा," तो म्हणाला. तुगिमानने विचारलं. थोरली तलवार चादरीत गुंडाळून मी आणि तो सोलोच्या जुन्या बाजारात गेलो, तिथून सलातिगाला एका निवृत्त कर्नलकडे. दोघांनीही आधी तोंडभरून कौतुक केलं, मग मूठ उतरवली. कर्नलने विचारलं, "नवी बनवून घेतली का?" परतीच्या बसमध्ये तुगिमान खिडकीशी बसला. मी त्याला शेंगदाणे घेऊन दिले, ते त्याने पुडीतच धरून ठेवले.

त्यांचा मुलगा बातामला गोदीत वेल्डर. त्याने होतं ते पाठवलं. तेही पुरलं नाही.

सतराव्या दिवशी बु वागिनेमने घर सारवल्यासारखं झाडून काढलं आणि दुपारी झोपली. दुपारी झोपणारी बाई ती नव्हे. तुगिमान पायरीवर बसून होता. चारच्या सुमारास बँक बंद झाली असेल, एवढंच तो एकदा म्हणाला.

तिची जागा पलीकडच्या वाडीच्या बु पोनियेमला मिळाली. हे त्या बिचारीला ठाऊकही नव्हतं. राखीव यादीतून नाव वर सरकलं, एवढंच तिला सांगितलेलं. हजला निघणारा माणूस आमच्याकडे दारोदार जाऊन क्षमा मागतो, आणि प्रत्येक घर त्याच्यापाशी एकेक मागणं ठेव म्हणून देतं. तिकडे जाऊन त्याने ते त्या घराच्या नावाने मागायचं. तशी ती महिन्याभराने या दारीही आली, हातात शाळेची वही घेऊन.

"काही चुकलं असेल तर पोटात घाला, बु," ती म्हणाली.

"आमचंच चुकलं असेल," बु वागिनेम म्हणाली आणि तिला जवळ घेतलं. मग आत गेली, स्वतःसाठी शिवलेले दोन पांढरे पोशाख घेऊन आली. "हे ने. उंची सारखीच आहे आपली. तिकडे रोज धुणं होत नाही म्हणतात."

"अगं बाई, हे नवे आहेत. तुम्हाला लागतील की."

"मापाला चुकले माझ्या."

बु पोनियेमने वही उघडली. पानावर रेघ मारून दोन रकाने केलेले, एकात नावं, दुसऱ्यात मागणी. कुणाला नातू हवा होता, कुणाला म्हशीची कास सुधारायला हवी होती. बु वागिनेमने मागितलं, "मुलाला गोदीत इजा होऊ नये." तेवढंच.

"आणि पाक, तुमच्यासाठी?"

तुगिमान पायरीवर होता. तो वळला. तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याने हात मांडीवर पालथे घातले, उलटे केले, पुन्हा पालथे घातले.

"राहू दे," तो म्हणाला. "आधी दुसऱ्यांचं लिही."

"नाव तरी लिहिते, पाक. पुढचं सुचलं की निरोप धाडा. निघायला अजून नऊ दिवस आहेत."

तिने त्याचं नाव लिहिलं, पुढचा रकाना मोकळा सोडला, पांढरे पोशाख काखेत धरले आणि पुढच्या दाराकडे गेली.

नवव्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. "काही निरोप आहे का, पाक? मी सायकलीवर जातोच आहे त्या बाजूला."

"नाही," तो म्हणाला. "तू जा. उशीर होईल."