दोन्हीकडचा लकवा

नव्वद सालच्या आसपास कुंभार पिंपळगावात माझा दवाखाना होता. एका बाजाराच्या दिवशी एक सासू सुनेला घेऊन आली. "पंधरा दिस झाले, तोंड फुगवून बसली. हसत न्हाई, बोलत न्हाई. जरा समजावून सांगा, सायेब."

लोकांचे रुसवे काढायला मी बसलोय का, म्हणून चिडलोच. तरी सवयीनं सुनेला म्हटलं, "ताई, डोळे मिटा." मिटेनात! दोन्हीही. पाणी दिलं तर ओठांतून गळालं. चेहऱ्याचा लकवा होता, आणि तोही दोन्हीकडचा. एकाच बाजूचा असता तर तोंड वाकडं होऊन अख्ख्या गावाला कळलं असतं. हिचं सरळच राहिलं, म्हणून ही रुसलेली ठरली.

असला पेशंट मी फक्त पुस्तकात वाचला होता; गोचीड चावून होणाऱ्या एका परदेशी रोगात असं होतं म्हणे. मला राहवेना. म्हशींच्या गोचिडी कोण काढतं, ताप आला होता का, अंगावर चट्टा उठला होता का? चट्ट्याचं नाव काढताच ती सासूकडे बघायला लागली. सासूला बाहेर बसवलं, तेव्हा तिनं कमरेवरचा पदर सारला. गेरू फासलेलं, फिकट होत चाललेलं गोल रिंगण. "नागीण हाय," ती कशीबशी पुटपुटली. "तोंड-शेपूट जुळलं."

नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जगत नाही, असं आमच्याकडे मानतात. म्हणून तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. "ही नागीण नाही, गोचीड चावल्याचा चट्टा दिसतोय. यानं मरत नाही कुणी," असं मी म्हणालो खरं, पण माझं अर्धं लक्ष कपाटातल्या पुस्तकाकडे होतं.

जालन्याचे एक वरिष्ठ डॉक्टर फोनवर हसले. "अहो, परदेशातला रोग पिंपळगावात कुठला?" तपासणीची सोय नव्हती. तरी मी तीन आठवडे रोज इंजेक्शन दिलं. औषधानं गुण आला की आपोआप, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण एके सकाळी तिला डोळे मिटता आले, ओठ हलले. मी हरखून गेलो आणि दहा वेळा तिला शीळ घातल्यासारखे ओठ करायला लावले.

ती थांबून म्हणाली, "डॉक्टरसाब, मंग मी बिलकुल मरत न्हाई ना?"

"बिलकुल नाही."

"मंग पोरीला आणू का माहेराहून? माझ्याबिगर राहायची सवय व्हावी म्हणून धाडली व्हती. दुसरं वरीस सरलं न्हाई अजून तिला."

म्हशी, गोचिडी, ताप, चट्टा, सगळं विचारलं होतं मी. घरी लेकरू आहे का, एवढंच विचारलं नव्हतं.