फोटो काढणाऱ्याचं नाव

आमच्या पहिल्या भेटीचा एकच फोटो आहे, आणि तो आम्ही काढलेला नाही. वडिलांच्या चुलत भावानं, म्हणजे माझ्या काकांनी, तो जीपमध्ये बसून चोरून काढला. काकांबद्दल आदरार्थी लिहायची माझी अजिबात इच्छा नाही. आईनं वळण लावलंय म्हणून लिहिते.

भेटायला आळेफाटा मीच निवडला. ओतूरला आमचं कॉलेज, तिथला चहावालाही माझ्या वडिलांना ओळखायचा. ज्या मुलाला भेटायचं होतं, त्याच्या घरचं किराणा दुकान कळंबला. आळेफाट्यावर मात्र जो तो गाडी पकडायच्या घाईत असतो, आपल्याकडे कोण बघणार? त्या दिवशी कांद्याचा बाजार होता आणि बाजाराला आमची अर्धी भावकी तिथंच असते, हे मी साफ विसरले. कांदा पिकवणाऱ्याच्या मुलीनं हे विसरावं!

वक्तृत्व स्पर्धेत मी दुसरी आले होते, तो तिसरा. स्टेजवरून उतरताना तो म्हणाला होता, "भाषण चांगलं होतं तुझं, पण तू मध्ये श्वासच घेत नाहीस." तेवढ्यावर मी त्याला मिसळ खायला बोलावलं.

तो जैन. कांदा-लसूण नको, असं त्यानं वेटरला सांगितलं.

"पावणं, तर्रीत लसूण, वरून कांदा. दोन्ही काढलं तर गरम पाणी उरतंय. आणू का?"

"फरसाण आणि पाव द्या. थोडं दही."

"आळेफाट्याला येऊन कांदा नको म्हणणारे तुमीच पयले, राव!"

मी विचारलं, "आमच्याकडे जेवायला आलास तर काय खाशील?"

"भाकरी आणि दही. तुझ्यासाठी कांदा खाईन, असं खोटं नाही सांगणार."

तिथंच तो मला आवडला. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आई दारूबंदीच्या लढ्यात होती. इतर मुली भातुकली खेळायच्या तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालायचे. आईचा एक नियम होता: पत्रकाच्या तळाला काढणाऱ्याचं नाव हवंच. बिननावाचं पत्रक भ्याड माणसाचं. हे सगळं त्याला हातवारे करून सांगताना माझा हात लागला आणि त्याचं फरसाण टेबलभर सांडलं. मला हसू आवरेना. त्यानं दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. फोटो नेमका त्या क्षणाचा आहे.

संध्याकाळपर्यंत तो फोटो भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. टाकला काकांनीच, पण वर 'फॉरवर्डेड' असा शिक्का आणि खाली प्रश्न: "ही मुलगी आपल्यातली आहे का? कोणी ओळखता का?" याच माणसानं मला खांद्यावर बसवून गावची जत्रा दाखवली होती.

आई घरोघर विचारत फिरली, फोटो कुणी काढला म्हणून. काका म्हणाले, "मलाबी फॉरवर्डच आला, वहिनी. कुणी काढलाय काय म्हाईत न्हाई." फोटोच्या वरच्या कडेला लाल-हिरवे गोंडे लोंबताना दिसत होते. तसलेच गोंडे काकांच्या जीपच्या काचेवर होते. आईनं ओळखले, मीही ओळखले. पण कबूल कोण करणार?

वडिलांनी माझं कॉलेज बंद केलं. शेवटच्या वर्षाची परीक्षा बुडाली. मैत्रिणी पेपर लिहीत होत्या तेव्हा मी शेतावरच्या कांदाचाळीत कांदा निवडत होते, आणि प्रत्येक सडका कांदा फेकताना काकांचं नाव घेत होते. मला त्यांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: फोटो मी काढला.

पुढच्या वर्षी आईनं स्वतः सोबत येऊन मला परीक्षेला बसवलं. त्यानं कळंबला आपल्या घरी रोज वाद घातला, आईनं वडिलांशी घातला. फोटोनंतर चार वर्षांनी आमचं लग्न ठरलं. तोवर सगळ्यात मोठ्यानं विरोध करणारे काका लगेच घरी हजर झाले.

"पत्रिकेत माझं नाव पाहिजे. सगळ्यात वर, मोठ्या टायपात. भावकीचा पुढारी मीच हाय."

आमच्याकडे पत्रिकेत नाव खाली गेलं म्हणून माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. त्यात काकांची गावच्या विकास सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती.

"टाकते, काका," मी म्हटलं. "सगळ्यात वर."

आणि टाकलं. पत्रिकेवर गणपतीच्या खाली तोच फोटो, गोंड्यांसकट. त्याखाली ठळक, मोठ्या टायपात: 'छायाचित्र', आणि पुढे काकांचं पूर्ण नाव. पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवली, मग गावभर वाटल्या. काकांची सगळ्यात शेवटी दिली.

मांडवात लोकांनी त्यांना सोडलं नाही. "भाऊ, फोटो लई झ्याक काढलाय!" "तुमच्यामुळंच जमलं म्हणायचं!" नाही म्हणावं तर गोंडे कुणाच्या जीपचे, हे सगळ्या गावाला माहीत. आणि नाव तर त्यांनीच मागून घेतलेलं. आई अक्षता वाटत त्यांच्यापुढं येऊन थांबली. पुढं सरकेचना. काकांनी इकडंतिकडं पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "मीच काढला व्हता."

"चार वर्षं लागली, भाऊजी," आई म्हणाली आणि त्यांच्या हातावर अक्षता ठेवून पुढं गेली.

नातेवाईक म्हणतात, आता सोडून दे, त्यांच्यामुळं छान आठवण तरी राहिली. मी सोडणार नाही. बुडालेलं वर्ष मला कुणी परत दिलेलं नाही. तो फोटो फ्रेम करून मी बाहेरच्या खोलीत लावलाय. काका येतात तेव्हा त्यांना त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसवते. दुसऱ्या खुर्च्या मी आधीच उचलून ठेवलेल्या असतात.

नवरा आत येऊन हळूच म्हणतो, "पुरे गं आता."

मी म्हणते, "तू दही खा."