चांदणीखालची अट

काउंटरवर वर्तमानपत्राचं कात्रण आपटायचं, जाहिरातीच्या तळाशी चांदणीची खूण करून बारीक छापलेल्या अटीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, “ही चांदणी वाचा, बाई. मोठ्याने.”

मी वाचायची, “फक्त नवीन ग्राहकांसाठी.”

“म्हणजे जुने काय मेले?”

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मला तो कोथरूडला, फोन कंपनीच्या दुकानात नोकरीला असताना भेटला. निवृत्त गणिताचे मास्तर. दर सोमवारी शटर उघडायच्या आधी पायरीवर हजर. मला ते मुळीच आवडायचे नाहीत. टोकन घ्यायचे नाहीत, वर रांगेतल्या नव्या ग्राहकांना सांगायचे, “आज जावयाचा मान मिळतोय, घ्या मिरवून. उद्यापासून घरगडी.”

एकदा मी तडकले. “काका, एवढा राग आहे तर सोडा ना कंपनी.”

“बावीस वर्षांत एकदाही बिल उशिरा भरलं नाही. लाज त्यांनी सोडली, कंपनी मी का सोडू?”

मग आवाज खाली आला. मुलगी परदेशात. बायको हल्ली सगळं विसरत चाललेली. व्हिडिओ कॉल मधेच अडकला की पोरीचा थिजलेला चेहरा बघून ती घाबरायची, ‘हिला काय झालं’ म्हणत दिवसभर रडायची. इंटरनेटची वेगवान लाइन हवी होती, आणि ती नव्या ग्राहकाला दुसऱ्या दिवशी मिळायची. जुन्यांनी यादीत कुजायचं. कंपनीचा मलाही संताप यायचा, पण पगार तीच द्यायची.

मी त्यांना तोडगा सांगितला. सगळ्यांनाच सांगायचो आम्ही. “जुनं कनेक्शन बंद करा, काकूंच्या नावावर नवीन घ्या.”

पुढच्या सोमवारी ते आले, कात्रणाशिवाय. “चित्र हलतं आता,” एवढंच म्हणाले. ‘थँक्यू’ त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

नव्या कनेक्शनबरोबर घरच्या फोनचा नंबर मात्र बदलला होता. लँडलाइन आता कोण लावतं, म्हणून मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

महिन्याभरात काकू घरातून निघून गेल्या, पार मंडईत पोचल्या. एका भाजीवालीने बसवून घेतलं, घरचा नंबर विचारला. काकूंनी न अडखळता सांगितला. बावीस वर्षांचा पाठ. ती बाई दुपारभर लावत राहिली आणि ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ ऐकत राहिली. संध्याकाळी पोलिसांनी शोधून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. टोकन घेतलं. पाळी येईपर्यंत खुर्चीत बसून राहिले.

“तेवढा जुना नंबर परत द्या. तिला दुसरं काही आठवत नाही हो.”

मी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि पाहतच राहिले.

“चांदणी आहे?”

“आहे.”

“वाचा, बाई. मोठ्याने.”

“जुना क्रमांक परत मिळण्याची सोय फक्त जुन्या ग्राहकांसाठी.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसला आणि गेले. परत कधी आले नाहीत.

पुढे एकदा मी बसची वाट पाहत होते, तेव्हा ते दोघं दिसले. बाकावर बसून मास्तर एकेक आकडा सांगत होते, नवीन नंबरचा. काकू शहाण्या मुलीसारखं ऐकून घेत होत्या.

“हं, आता तू सांग.”

काकूंनी हसून जुना नंबर सांगितला. एकही आकडा न चुकता.