किल्ल्याशेजारचा मावळा

"भाला सरळ धर रे. आणि हसू नकोस, मावळे हसत नसतात." काका जाता जाता बजावून गेले.

पुंगोलच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं दिवाळी स्नेहसंमेलन. दाराशी पुठ्ठ्याचा किल्ला. किल्ल्याशेजारी मी. अंगरखा, चिकटवलेल्या मिशा. एका पोरानं माझ्या पोटात बोट खुपसलं. "रिअल ऑर नॉट?" त्याची बहीण इथल्या ठसक्यात म्हणाली, "फेक लाह!" त्यांच्या आईनं दोघांना ओढून नेलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

मिरजेत आठवीत शाळा सोडून मी इथे, या परक्या देशात आलो. बाप जहाजदुरुस्तीच्या यार्डात फोरमन. पीआरचे, म्हणजे इथे कायम राहण्याचे फॉर्म आम्हाला भरता येईनात. ते काकांनी भरून दिले. काका नात्यातले नाहीत. बँकेतले बडे साहेब, मंडळाचे अध्यक्ष. त्यांचे उपकार आहेत, नाही म्हणत नाही. पण तेव्हापासून त्यांचा फोन आला की बाप उभा राहूनच बोलतो.

पीआर बापाच्या पोराला अठराव्या वर्षी सक्तीनं लष्करात जावं लागतं. मी गेलो. काकांचा मुलगा बोलावणं यायच्या आधीच पीआर सोडून परदेशी शिकायला गेला. त्यावर मंडळात कुणी बोलत नाही.

लष्करात माझ्या शेजारच्या खाटेवर लुकास. जन्म स्वित्झर्लंडचा, लहानपणी आईबापांबरोबर इथे आलेला. आम्ही एकाच दिवशी भरती झालो. चिखल एकच, शिव्याही त्याच.

संमेलनाच्या आधी काकांचा फोन आला. "किल्ल्याला जिवंत मावळा हवाय. तुझ्याइतका ताठ कोण उभा राहणार? आणि तुझा तो स्विस मित्र आण हं." मनात पाल चुकचुकली. आज एवढं गोड कशाला? पण बाप समोर बसला होता. हो म्हणालो.

आणि आता लुकास स्टेजवर होता. फेटा, शाल, नारळ. काका माइकवर. "स्वतःचा देश सोडून हा मुलगा इथे आला आणि इथल्या मातीसाठी शिपाई झाला!" लोक उठून टाळ्या वाजवायला लागले.

मी ऐकत होतो. नाव बदललं तर गोष्ट माझीच.

लुकासनं माइक ओढून घेतला. दाराकडे हात केला. "माय बडी आल्सो सेम. कॉल हिम, कॅन?"

काका हसले. "येस, येस. गुड बॉय." मग आमच्या लोकांकडे वळून मराठीत, "त्याला काय बोलवायचं? तो घरचाच."

हॉल हसला.

घरचा. घरगडी असतो तसा घरचा.

मिशा उपटल्या. कातडी सोलल्यासारखं झालं. भाला खाली ठेवला.

"अरे, जागा सोडू नकोस, फोटो राहिलेत!" काका माइकवरून.

"मावळा हवा असेल तर तुमच्या मुलाला बोलवा." मी दारातून ओरडलो. आवाज फाटला. पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कुणी हसलं नाही.

बाप धावत आला. "उपकार विसरलास?"

"विसरलो नाही. पण किती वर्षं उभं राहायचं?"

बाप आठवडाभर बोलला नाही. मलाही धास्ती आहे. उद्या काही अडलं तर कुणाच्या दारात जायचं? रोज वाटतं. तरी ठरलंय. आता कुणीही बोलावलं, कितीही गोड बोलावलं, तरी आधी विचारतो, माझी खुर्ची कुठाय?

नसली तर येत नाही.